झेंडा उतरवतानाची धून

एका गुरुवारी मुंबईतल्या एका इमारतीच्या गच्चीवर मामांनी सॅक्सोफोन तोंडाला लावला. त्यांना सांगण्यात आलं की फुंकायचं नाही, नुसती बोटं हलवायची. कॅमेरा चालू झाला. त्यानंतर मामा घराघरांत माहीत झाले, आणि त्यांचं वाजवणं कुणी ऐकेनासं झालं.

मामा म्हणजे माझ्या आईचे धाकटे भाऊ. आम्ही भाचरं त्यांना भोंगामामा म्हणत असू. वाळूजच्या एका कारखान्यात ते मशीनवर कामाला होते आणि लग्नसराईत शहागंजातल्या एका बँडमध्ये सॅक्सोफोन वाजवत. पाळी संपली की शिफ्टच्या बसमध्ये मांडीवर काळी पेटी घेऊन बसत, पिशवीत जरीच्या पट्ट्यांचा लाल कोट घडी करून ठेवलेला. बसमधले सोबती विचारत, "काय मामा, आज कुणाचा बळी?" मामा म्हणत, "नवरदेवाचा. आपण नुसता पुकारा करायचा." हे रोजचं होतं, आणि रोज हसू यायचं.

आमचं आजोळ देवगाव रंगारीचं. घरची जमीन, गावात मान. त्या घरातला मुलगा लग्नाच्या मिरवणुकीत वाजवतो हे थोरल्या मामांना अखेरपर्यंत पचलं नाही. आपला माणूस दुसऱ्याच्या घोड्यापुढं वाजवत चालतो, हे पाव्हण्यारावळ्यांना काय सांगू, असं ते एकदा भर जेवणात म्हणाले. भोंगामामांनी भाकरी मोडता मोडता सांगितलं, "सांगा की घोड्याच्या पुढं चालतो. मागं चालणाऱ्यापेक्षा लई बरंय." आई तोंडाला पदर लावून हसली. थोरले मामा ताटावरून उठले. पुढं कितीतरी वर्षं त्या घरात सॅक्सोफोनचा विषय निघाला नाही.

वाद्य आणि विद्या दोन्ही त्यांना शहराच्या लष्करी छावणीतल्या एका म्हाताऱ्या उस्तादांकडून मिळाली. उस्ताद निजामाच्या फौजेच्या बँडमध्ये होते. पोलीस अ‍ॅक्शन होऊन निजामाचं राज्य गेलं, ती फौज मोडली, बँड मोडला, माणसं पांगली. उस्ताद छावणीतच राहिले, घड्याळं दुरुस्त करू लागले, आणि संध्याकाळी दुकानाची फळी लावून मामांना शिकवू लागले. कसं शिकवत, ते मामा त्यांच्याच बोलीत सांगत. मामांचा सूर घसरला की उस्ताद म्हणायचे, "सुर कू क्या देखता मियाँ, सांस कू देख. सांस भी बजती." बोटं कुठं ठेवायची हे कुणीही शिकवील, श्वास कुठं घ्यायचा आणि घेताना धून तुटू कशी द्यायची नाही, हे उस्तादांनी शिकवलं, असं मामा सांगत. श्वास लपवायचा नसतो, हे त्यांचं आवडतं वाक्य होतं.

मी शाळेत असताना ते आमच्याकडं आले की मला पुस्तकातला धडा मोठ्यानं वाचायला लावत. अर्थाकडं त्यांचं लक्ष नसे. डोळे मिटून ऐकत आणि मध्येच बोट वर करत. "माय, इथं दम घेतला तू. लिहिणाऱ्यानं पुढं ठेवला व्हता." मग मी ते वाक्य पुन्हा वाचायची. पुढं कॉलेजच्या ग्रंथालयात माझं आयुष्य गेलं. पुस्तक उघडलं की अजूनही माझी नजर आधी स्वल्पविराम शोधते.

उस्तादांनी मामांना शेवटी एक धून दिली. छावणीत संध्याकाळी झेंडा उतरवताना फौजेचा बँड ती वाजवत असे. संथ, थोडी खाली खाली येत जाणारी. मामांनी तिला एक जागा शोधून दिली. आमच्याकडं लग्नाआधी नवरदेवाला घोड्यावर बसवून मारुतीच्या दर्शनाला नेतात, त्याला परण्या म्हणतात. वाटभर बँड सिनेमाची गाणी वाजवतो, पोरं नाचतात, घामाघूम होतात. देवळापाशी नवरदेव घोड्यावरून उतरला की बाकीचे वादक घाम पुसू लागत, आणि त्या मोकळ्या वेळात मामा एकटेच झेंडा उतरवतानाची धून वाजवत. कुणी सांगितलेलं नसे. बहुतेक लोक तेव्हा चपला काढत असत. मी एकदा विचारलं, मारुतीसमोर निजामाच्या फौजेची धून कशी काय. ते म्हणाले, "पोरगं उतरलं ना घोड्यावरून? मंग. उतरताना हीच वाजवायची असती." ही धून मी दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकली नाही. उस्ताद गेल्यावर ती फक्त मामांकडं होती.

शहरातल्या एका मोठ्या लग्नात मुंबईहून आलेल्या पाहुण्यांपैकी एक जण मालिका काढणारा होता. त्याला मामांचा चेहरा आवडला. पांढऱ्या मिशा, फुगलेले गाल, मिटलेले डोळे. मालिकेच्या सुरुवातीला, नावं येतात तेव्हा, संध्याकाळच्या गच्चीवर एक म्हातारा सॅक्सोफोन वाजवतो असं त्याला दाखवायचं होतं. मामांना वाटलं, आता आपलं वाजवणं देशभर जाणार. कारखान्यात रजा टाकून ते गेले. तिथं धून आधीच तयार होती. कुणी तरी ती कीबोर्डवर वाजवून ठेवली होती, सॅक्सोफोनसारखा आवाज लावून. मामांनी फक्त ओठ आणि बोटं जुळवायची होती. त्यांना ते जमेना. वाद्य तोंडाला लागलं की हवा आपोआप जायची आणि गच्चीभर त्यांचा आवाज घुमायचा. शेवटी एका मुलानं सॅक्सोफोनच्या तोंडात टॉवेल कोंबला.

परत आल्यावर आईनं विचारलं, कसं झालं. मामांनी पेटी कोपऱ्यात ठेवली. मग म्हणाले, "अक्का, रिकामं ताट पुढं ठेवून जेवल्यासारखं करायला लावलं. मी केलं." त्या धुनीबद्दल त्यांची तक्रार वेगळीच होती. तिच्यात श्वास घ्यायला जागाच नव्हती. कीबोर्डला छाती नसते, त्यामुळं वाजवणाऱ्याच्या ते लक्षातही आलं नव्हतं.

मालिका चालली, आणि वर्षानुवर्षं चालली. देवगाव रंगारीत थोरल्या मामांनी मोठा टीव्ही घेतला आणि संध्याकाळी दार उघडं ठेवून गावाला बोलावू लागले. माझा भाऊ आहे, लहानपणापासून नाद होता त्याला, आम्हीच प्रोत्साहन दिलं, असं ते सांगत. आमच्या घरी वेगळं होतं. मालिकेचं संगीत सुरू झालं की आई म्हणायची, "आवाज बंद कर गं. तो दुसऱ्याचा आहे. मला माझ्या भावाचं तोंड बघू दे." मी आवाज बंद करायची. मामांचे गाल फुगायचे, बोटं फिरायची, नावं वर सरकत जायची, आणि आमच्या खोलीत पंख्याचा आवाज तेवढा असायचा.

मग बोलावणी सुरू झाली. शाळांची संमेलनं, दुकानांची उद्घाटनं, गणपती मंडळं. सगळ्यांना तीच धून हवी असे. मामा पेटी उघडू लागले की कार्यकर्ते घाईनं पुढं येत. एकानं तर हात धरून सांगितलं, "मामा, तुम्ही नुसतं धरा. आवाज आम्ही लावतो." त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. म्हाताऱ्या माणसाला त्रास नको एवढंच त्याला वाटत होतं. पण हेच पुढं जो तो म्हणू लागला. हार, नारळ, शाल, आणि सॅक्सोफोन नुसता धरायचा. बँडवाल्यांनीही त्यांना बोलावणं कमी केलं. एवढ्या प्रसिद्ध माणसाला उन्हात घोड्यापुढं कसं चालवायचं, असा संकोच त्यांना वाटे. मारुतीच्या देवळापाशी आता कुणी झेंडा उतरवतानाची धून वाजवत नव्हतं, आणि ती वाजत नाही हे कुणाच्या ध्यानातही आलं नाही.

लासूर स्टेशन गावात व्यापाऱ्यांचा एक कार्यक्रम होता, मी सोबत गेले होते. तिथं मामांनी हट्ट धरला की आज मी स्वतः वाजवणार. आधी टीव्हीवरची धून घेतली, लोकांना ओळख पटावी म्हणून. जिथं जागा नव्हती तिथं त्यांनी श्वासासाठी जागा केल्या. मला ती धून पहिल्यांदाच माणसानं वाजवल्यासारखी वाटली. समोर कुजबुज सुरू झाली. झेंडा उतरवतानाची धून सुरू करण्याआधीच मागून एक तरुण उठला आणि अगदी आदरानं म्हणाला, "मामा, टीव्हीवर कसं सलग वाजतंय. इथं मधी मधी का थांबता?"

मामांनी सॅक्सोफोन खाली घेतला. "तिथं वाजतंय त्याला छाती नाय बाबा. मला हाय."

लोक हसले. त्यांना तो विनोद वाटला. संयोजकांनी टाळ्यांतच मालिकेच्या धुनीची सीडी लावून टाकली आणि मामा सॅक्सोफोन धरून उभे राहिले. परतीच्या गाडीत ते खिडकीबाहेर पाहत होते. मी काही तरी समजुतीचं बोलू लागले, तर म्हणाले, "राहू दे. लोकांचं काय चुकलं? त्यांनी मला ऐकलंच नाय कधी."

मग त्यांनी मनावर घेतलं की उस्तादांची ती एक धून तरी नीट रेकॉर्ड करायची. ओळखीतून एका छोट्या स्टुडिओत गेले. रेकॉर्डिंग करणारा मुलगा हुशार होता, अदबीनं वागत होता. अर्धी धून झाल्यावर त्यानं थांबवलं. म्हणाला, मामा, श्वास ऐकू येतोय. मामा म्हणाले, येणारच. मुलानं समजावलं, काळजी करू नका, तुम्ही वाजवा, मी नंतर कंप्यूटरवर सगळे श्वास काढून टाकतो, एकदम टीव्हीसारखं होईल. मामांनी विचारलं, "आतापर्यंतचं आहे का त्यात?" आहे म्हणाला. "पूस ते," मामा म्हणाले. मुलानं पुसलं. हे मला त्या मुलानंच नंतर सांगितलं, आणि सांगताना त्याला खरोखर कळत नव्हतं की त्याचं काय चुकलं. मला त्याचा राग येतो आणि रागाला काही आधार सापडत नाही. मामांचाही येतो. तेवढं राहू द्यायचं होतं.

पुढच्या उन्हाळ्यात मामा गेले. दुपारी जेवून पडले ते उठले नाहीत. शोकसभेत एका भाच्यानं फोटोशेजारी स्पीकर ठेवून मालिकेची धून लावली. सगळे उभे राहिले, काहींनी डोळे पुसले. आई उठून आत गेली आणि धून संपेपर्यंत बाहेर आली नाही.

त्यानंतर मी शोधायला लागले. मामा आयुष्यभर लग्नांत वाजवत होते आणि प्रत्येक लग्नाचं चित्रीकरण होत होतं. कुठं तरी त्यांचा आवाज असणारच, असा माझा हिशेब होता. मी ओळखीच्या घरी जाऊ लागले. लोक प्रेमानं बसवत, चहा करत, कपाटावरच्या पिशवीतून कॅसेट काढत, मुलाकडून चालू करून घेत. प्रत्येक परण्यात मामा होते. लाल कोट, फुगलेले गाल. आणि प्रत्येक ठिकाणी त्यांच्यावर सिनेमाचं गाणं चढवलेलं होतं. घरची माणसं मात्र पडद्यात रमून जात, ही आत्या गेली, हा तेव्हा किती बारीक होता. मी गाणं संपायची वाट बघत बसायची. एक संपलं की दुसरं सुरू व्हायचं.

त्या काळात अशा कॅसेटी करणारे एक स्टुडिओवाले भाई अजून आहेत. त्यांच्याकडं गेले. ते म्हणाले, "ताई, बँड का आवाज कौन सुनता? गाना डाले तो कॅसेट मीठी लगती." मूळ टेप विचारल्या, तर त्याच टेपवर पुढचं लग्न घेत, असं कळलं. मामांचं नाव सांगितल्यावर त्यांचा चेहरा उजळला. टीव्हीवाले मामा, म्हणाले, आणि मालिकेची धून गुणगुणू लागले.

माझ्या स्वतःच्या लग्नाची कॅसेट मी शेवटी काढली. तिच्यातही गाणी आहेत हे माहीत होतं, म्हणून ती बाजूला राहिली होती. परण्या मारुतीपाशी पोचतो, नवरदेव घोड्यावरून उतरतो, आणि तिथं एक गाणं संपून दुसरं सुरू होण्याआधी थोडी जागा राहून गेली आहे. त्या जागेत खरा आवाज आहे. कुणी तरी "सरका ए, बायांना वाट द्या" म्हणतं. घोड्याच्या गळ्यातले घुंगरू वाजतात. मामा मध्यभागी एकटे उभे आहेत, म्हणजे धून चालू आहे. त्यांनी सॅक्सोफोन ओठांपासून जरासा दूर घेतला आहे, डोळे मिटलेले आहेत, खांदे वर जातात. मग ते वाद्य पुन्हा ओठांना लावतात आणि त्याच क्षणी पुढचं गाणं सुरू होतं.

सॅक्सोफोन माझ्या कपाटात आहे. ती धून वाजवता येणारं कुणी नाही. मामांच्या वाजवण्यापैकी त्यांनी श्वास घेतला तेवढी जागा माझ्याकडं आहे.