दोन्ही चाकांखालचा उजेड

फोन आला तेव्हा मी महाडला डोळ्यांच्या दवाखान्यात बसलो होतो. बाहुल्या मोठ्या करायचे थेंब घातलेले, त्यामुळे फोनवरचं नाव वाचता येईना. शेजारच्या बाईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, सुमनवहिनी असं लिहिलंय. वहिनी मला स्वतःहून कधी फोन करत नसत, करायचा तो बाळाराम... पलीकडून त्या एवढंच म्हणाल्या, "भावजी, हे गेले. चहा घेतला न् बसल्या जागी गेले." तपासणी तशीच टाकून मी रिक्षा केली आणि पोलादपूर गाठलं. त्या दिवशी ऊन लख्ख होतं आणि माझ्या डोळ्यांत ते मावत नव्हतं. त्याच्या वर्कशॉपच्या शेडसमोर ठेवलेला बाळाराम, पांढऱ्या कपड्यांतली माणसं, बुद्धवंदना म्हणणाऱ्या बायकांची रांग, सगळं धुक्यातून दिसावं तसं दिसलं. पन्नास वर्षांची मैत्री, त्या मित्राचा चेहरा शेवटचा बघायचा, तो मला नीट दिसलाच नाही. चाचपडत त्याचा हात तेवढा धरला. या गोष्टीला सहा आठवडे झाले. आता डोळे ठीक आहेत, म्हणून लिहायला बसलो आहे.

बाळाराम गायकवाड कापड्याच्या बौद्धवाडीतला. वडील गवंडी होते. पोलादपूरच्या शाळेत आम्ही एका बाकावर बसायचो. दहावीनंतर मी ड्राफ्ट्समनचा कोर्स करून महाडच्या एमआयडीसीत एका कारखान्यात लागलो आणि निवृत्त होईपर्यंत तिथेच नकाशे काढत राहिलो. तो हायवेवर एका पंजाबी उस्तादाच्या हाताखाली ट्रकची चेसिस, म्हणजे सगळा भार पेलणारा खालचा लोखंडी सांगाडा, सरळ करायला शिकला. कशेडी घाटात कलंडलेले ट्रक ओढून आणले जायचे, त्यांचे सांगाडे पिळलेल्या टॉवेलसारखे झालेले असायचे. पुढे त्याने स्वतःची शेड टाकली. त्याची हत्यारं बघून नवा माणूस हसायचा. जॅक, साखळ्या आणि वेल्डिंगचं मशीन सोडलं तर मोजमापाला त्याच्याकडे होती वडिलांची गवंडीकामाची सामग्री. ओळंबा, दोरी, पाणी भरलेली पारदर्शक नळी आणि खडू. गाडीखाली ठरावीक ठिकाणांहून ओळंबा सोडायचा, तो टेकेल तिथे जमिनीवर खूण करायची, गाडी बाजूला काढायची आणि त्या खुणांमध्ये तिरपी दोरी ताणायची. पुढच्या डाव्या खुणेपासून मागच्या उजव्या खुणेपर्यंत आणि पुढच्या उजवीपासून मागच्या डावीपर्यंत दोरी सारखी भरली तर सांगाडा सरळ. एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, एवढा फरकही त्याला चालत नसे. आणि दोरी ताणायच्या आधीच तो किती भरेल ते सांगायचा. मी कितीदा तरी मोजून पाहिलं, तो चुकलेला मला आठवत नाही.

कशेडीचा बोगदा झाल्यावर घाटातली मोडतोड कमी झाली आणि शेडमध्ये निवांतपणा आला. त्याच सुमारास, पावसाळा संपता संपता, गाड्या वाहून नेणारा एक मोठा ट्रक त्याच्याकडे आला. ट्रकच्या सांगाड्याला तडा गेला होता, आणि वर लादली होती एक जुनी अमेरिकन गाडी. लांबलचक नाक, दोनच दारं, रंग गडद निळा. पाठोपाठ दुसऱ्या गाडीतून मालकीण उतरली. पुण्याची ऋजुता, तिशीची, केस बारीक कापलेले. ती गाडी तिच्या वडिलांनी आयुष्यभर जपलेली होती आणि ते गेल्यावर ही तिच्यात मोठं इंजिन बसवून ड्रॅग रेसिंग करत होती. आम्हा दोघांना तो प्रकार ठाऊक नव्हता, तिनेच समजावला. दोन गाड्या शेजारी उभ्या करायच्या, दिवा हिरवा झाला की चारशे मीटर सरळ सुटायचं. वळण नाही, काही नाही, दहा-बारा सेकंदांत खेळ खलास.

ट्रक दुरुस्त होईपर्यंत बाळाराम त्या निळ्या गाडीभोवती दोन फेऱ्या मारून आला. मग तिला म्हणाला, "बाय, तुझ्या गाडीला पीळ बसलाय." ती जरा रागावली. पुण्यातल्या गॅरेजने नुकतीच तपासली होती. त्याने डाव्या दाराची फट दाखवली, वर करंगळी जाईल एवढी आणि खाली नख शिरेना. काचेच्या कोपऱ्यातली केसाएवढी चीरही दाखवली. गाडी सुटताना डावं पुढचं चाक आधी उचलतं का, असं त्याने विचारलं, तेव्हा ऋजुता राग विसरून हो म्हणाली. त्याने ती गाडी सुटताना एकदाही पाहिलेली नव्हती. इंजिनाचा सगळा जोर सांगाडा पिळण्यातच जातो आहे, हे त्याला दाराच्या फटीत दिसलं होतं.

पंधरा दिवसांनी ती गाडी घेऊन परत आली. बाळाराम खाली शिरला आणि बराच वेळ बाहेरच आला नाही. आला तो हबकलेला. ट्रकला असते तशी सलग चेसिस त्या गाडीला नव्हतीच. पुढे इंजिनाखाली एक तुकडा, मागे चाकांपाशी एक तुकडा. "मधे नुसता पत्रा हाय, मधू," तो मला म्हणाला. "ही पोरगी पत्र्यावर बसून पळवते."

मला त्याने नकाशा काढायला बोलावलं. मी तीन दिवस कागदावर आकडेमोड केली, कुठे किती पिळेल याचा अंदाज बांधू लागलो. चौथ्या दिवशी शेडवर गेलो, तर तो बाकड्यावर बसून वेल्डिंगच्या बारीक तारेची हातभर लांबीची गाडी जोडत होता. पुढचा तुकडा, मागचा तुकडा, छत, खांब, सगळं मापात. दोन हातांत धरून त्याने ती पिळली, ती सहज वळली. मग त्याने खालून पुढचा आणि मागचा तुकडा जोडणाऱ्या दोन तारा लावल्या आणि पुन्हा पिळली. कमी वळली. मग आत चालकाला वाचवणारा पिंजरा उभारायला घेतला. एकेक तार लावायची, पिळून बघायची, उपयोग नसेल तर काढून टाकायची. दुपार कलेपर्यंत ती इवलीशी गाडी त्याच्या मुठीत अशी घट्ट झाली, की त्याने ती माझ्या हातात दिली आणि म्हणाला, "पीळ." मी सगळा जोर लावला, पण ती जागची हलली नाही. तिच्यात तारा किती थोड्या होत्या... माझे तीन दिवसांचे कागद मी पिशवीतून बाहेरच काढले नाहीत. त्या तारांवरून नकाशा तेवढा काढून दिला.

काम दोन महिने चाललं. आधी साखळ्या आणि जॅक लावून त्याने पीळ काढला. तीन सुतांचा फरक होता. रोज थोडं ओढायचं आणि सोडून द्यायचं, लोखंडाला आपल्या जागेची आठवण होऊ द्यायची, असं तो म्हणायचा. मग खालून दोन चौकोनी पाइप टाकून पुढचा-मागचा सांगाडा एक केला आणि आत जाड पाइपांचा पिंजरा उभा केला. वेल्डिंग तो सलग करत नसे. वितीएवढं इकडे, मग पलीकडच्या बाजूला तेवढंच, मग हात लावता येईल इतकं निवू द्यायचं. तापलेलं लोखंड निवताना ओढून घेतं, म्हणून दोन्हीकडून सारखं ओढलं गेलं पाहिजे. प्रत्येक दिवशी काम सुरू करायच्या आधी तो एक वेगळा तुकडा जोडून शिकंज्यात धरायचा आणि घणाने तोडायचा. पाइप फाटला आणि जोड शाबूत राहिला, तरच त्या दिवशी गाडीला हात लावायचा.

भांडण झालं ते एका पाइपवरून. चालकाच्या, म्हणजे त्या अमेरिकन गाडीत डावीकडच्या, दारात, कमरेच्या उंचीवर, त्याला आणखी एक आडवा पाइप हवा होता. ऋजुता नको म्हणाली. या खेळात किलो-किलोचा हिशेब असतो आणि नियमात तो पाइप सक्तीचा नव्हता. ती मुद्देसूद बोलत होती, हा ऐकत होता. शेवटी, दुसऱ्या दिवशी, त्याने तिला सीटवर बसवलं, पट्टे बांधले आणि डोळे मिटायला सांगितलं. तिचा डावा हात धरून कमरेशेजारी, दाराला टेकवला.

"इथं काय हाय?"

"दार."

"दारात काय हाय?"

तिने बोटांनी दार दाबून पाहिलं. "पत्रा," म्हणाली.

तरी ती लगेच कबूल झाली नाही, वजनाचं काय, असं तिने विचारलं. बाळारामने घरातून भात जोखायचा काटा आणला, तो पाइप जोखला आणि तेवढंच वजन गाडीतून दुसरीकडून काढून द्यायचं वचन दिलं. पुढचे चार दिवस तो गाडीतले निकामी कंगोरे कापत होता, पट्ट्यांना भोकं पाडत होता, आणि प्रत्येक कपचा काट्यावर टाकत होता. काटा बरोबर झाला तेव्हाच त्याने तो पाइप जोडला.

शर्यत घाटावर, एका जुन्या धावपट्टीवर होती. आम्ही तिघं गेलो, तो, वहिनी आणि मी. वहिनींनी तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकटीची चटणी बांधून घेतली होती. तपासनीसाने पिंजऱ्याच्या जोडांवरून बोट फिरवलं, वाकून पुन्हा एकदा बघितलं आणि हे कुठल्या वर्कशॉपचं काम, असं विचारलं. ऋजुताने पोलादपूर म्हटलं. त्याला ते कुठे आहे ते माहीत नव्हतं.

गाडी रेषेवर आली तेव्हा बाळाराम कुंपणापाशी सरळ जमिनीवर पालथा झाला. नवा सदरा, साठीला आलेला माणूस, लोक बघत होते. मीही गुडघे टेकले. दिवा बदलला, आवाजाने छाती हादरली, आणि गाडीचं नाक वर उठलं. एका अंगाने नव्हे, सगळंच्या सगळं. जमीन आणि पुढची चाकं यांच्यामधून पलीकडचा उजेड दिसला, दोन्ही चाकांखालून सारखा. डोळ्याचं पातं लवेतो. मी आयुष्यभर सरळ रेषा काढल्या, पण सरळ म्हणजे काय ते त्या क्षणी पाहिलं. बाळारामने माझं मनगट धरलं होतं.

दुसऱ्या फेरीत, शेवटची रेषा ओलांडल्यावर, मागचा टायर फुटला. गाडी आडवी झाली, घसरत कडेच्या मातीच्या बांधावर डाव्या बाजूने आदळली आणि दोनदा उलटून चाकं वर करून थांबली. बाळाराम धावला. चपला मागे पडल्या, तो अनवाणी त्या तापलेल्या पट्टीवर धावत होता, आणि त्याच्या मागे पदर खोचून वहिनी. आम्ही पोचलो तोवर मदतीची माणसं तिथे होती. ऋजुता पट्ट्यांना उलटी लटकली होती. पट्टे कापले आणि ती खिडकीतून रांगत बाहेर आली. हेल्मेट काढलं, उभी राहिली, आणि वहिनींनी तिला मिठी मारली. खांद्यावर पट्ट्यांचे वळ, बाकी काही नाही.

मग आम्ही गाडीकडे बघितलं. बांध लागला होता तो नेमका दारात. पत्रा फाटून आत गेला होता आणि त्या आडव्या पाइपला टेकून थांबला होता. पाइप चार बोटं वाकला होता. जोड एकही सुटला नव्हता. ऋजुताने वाकून तो पाहिला, आपल्या कमरेवर हात ठेवला आणि मग बाळारामच्या पायांना हात लावला. तो मागे सरकला. त्याला ते आवडत नसे.

परत येताना आंबेनळी घाटात आम्ही चहाला थांबलो. वहिनी गाडीतच बसल्या होत्या. बाळाराम कप घेऊन कठड्यापाशी गेला, मी त्याच्या मागोमाग. म्हणाला, "मधू, मी ऐकणार होतो तिचं. ती शिकलेली, नियम वाचलेली. तिला सीटवर बसवलं त्याच्या आदल्या दिवशी ठरवलं होतं, जाऊदे, नको लावूया. पाइप उचलून मागं ठेवला पन होता." मग अंगठा आणि बोट यांच्यात जराशी फट ठेवून मला दाखवली. "एवढंच अंतर हाय बघ," एवढं बोलून त्याने चहा संपवला. ज्या माणसाकडे मी इतकी वर्षं न चुकणारा म्हणून बघत होतो, तो चुकण्याच्या किती जवळून परतला होता, ते त्याने मला कप विसळावा इतक्या साधेपणाने सांगितलं. तो मला मोठा वाटत आलाच होता, पण त्या दिवशी जेवढा वाटला तेवढा कधी नाही.

पुढच्या आठवड्यात गाडी शेडमध्ये आली तेव्हा त्याने पुन्हा ओळंबा सोडला. दोन कोलांट्या खाऊनही तिरप्या मापांत फरक निघाला तो सुतापेक्षा कमी. गाडी पुन्हा उभी राहिली, ऋजुता अजून पळवते. बाळाराम गेल्यावरच्या पुण्यानुमोदनाच्या विधीला ती आली होती, स्वयंपाकघरात बायकांबरोबर पानं वाढत होती.

गेला तेव्हा बाळारामच्या शेडमध्ये एक काम अर्धं राहिलं होतं. कुडपणच्या तुकाराम शेलारांची ट्रॅक्टरची ट्रॉली. सांगाडा मजबूत करायला आणलेली, डावी बाजू झालेली, उजवी बाकी. शेतकऱ्याचं काम अडलेलं, म्हणून वहिनींनी मला विचारलं, आणि मी महाडच्या अन्वर मिस्त्रींना घेऊन गेलो. त्यांनी ट्रॉलीखाली बसून डाव्या बाजूचं वेल्डिंग न्याहाळलं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. मग त्या दिवशी मशीन लावलंच नाही. दुसऱ्या दिवशी आले, आधी एक तुकडा जोडला, शिकंज्यात धरून घणाने तोडला, आणि मगच उजवी बाजू करायला घेतली. त्यांना असं करायला कोणी सांगितलं नव्हतं. विचारलं तर म्हणाले, बाळाराम रोज असं करायचा ते वहिनींच्या बोलण्यात आलं होतं.

परवा तुकाराम ट्रॉली न्यायला आले. सिमेंटची पोती भरली आणि मला म्हणाले, "येताय का वर? हवा चांगली हाय." मी पोत्यांवर चढून बसलो. कुडपणचा रस्ता किती चढतो ते जाणाऱ्यालाच ठाऊक. एका वळणावर ट्रॉली पुरती कलली, सगळा भार एका अंगावर आला, खाली खोल दरी. तुकारामांनी मागे वळून विचारलं, भीती वाटत नाय ना. ट्रॉली न कुरकुरता वळण घेत होती.

"नाही," मी म्हटलं. "चालवा."