ग्रीकांची राणी आमच्या बांधीत

रोवणीच्या दिवसांत मी तुमसरचं कॉलेज बुडवून सिहोऱ्याला घरी यायची. सत्तरीचं दशक सरत आलेलं. बांधीत ओणवं होऊन धानाची रोपं लावणाऱ्या बाया म्हणजे पळून न जाणारे श्रोते! मग मी पुस्तकात वाचलेली ग्रीकांची गोष्ट काढली. राजा लढाईला गेला तो वीस वर्षांनी उगवला. तोवर राणी दिवसा विणायची, रात्री उसवायची आणि लग्नासाठी दारात बसलेल्यांना टोलवायची.

"अन् राजा वीस वर्सं कोठी होता?" एकीनं विचारलं.

"दहा वर्षं लढाई. मग एका बेटावर एका बाईकडे, मग दुसऱ्या..."

"अगं बाई! अन् हे सांगून कोन राहिला? तोच?"

"तोच."

बाया अशा हसल्या की हातातली रोपं सांडली. "आता राणीची गोष्ट मी सांगतो," माझी आई म्हणाली. "राणी म्हने, बापा, मले इनताच येत नोयतं, म्हनून उसवत होती! तुमी उगाच नाव केलं. अन् दारात बसलेल्या त्या मेल्यांचा सैपाक कोन करे, ते लिवलं काय कोनी?"

शेजारची काकी तेवढी हसली नाही. तिचा नवरा, मुलगी पोटात असताना बपेऱ्यापलीकडे मध्यप्रदेशात कामाला म्हणून गेलेला, आठवड्यापूर्वी परतून आमच्या ओसरीवर ठाण मांडून बसला होता. तिची मुलगी आता शाळेत जायची. बाबांनी आणि गावच्या मोठ्या माणसांनी ठरवून टाकलं, रोवणी आटोपली की त्याला तिच्या घरी पोचवायचं. घर तिनं मजुरी करून बांधलेलं, आणि तिला कोणी विचारलंसुद्धा नव्हतं. मला भयंकर संताप यायचा, पण बाबांसमोर माझं तोंड फक्त जेवायला उघडायचं.

रोवणीच्या शेवटच्या दिवशी मात्र बायांचं राज्य. बांधावर सापडेल त्या गड्याला चिखल फासायचा, मालकालाही, आणि त्यानं रागवायचं नाही. बाबा नारळ फोडायला आले ते काकीच्या नवऱ्यालाच सोबत घेऊन. दोघंही माखले गेले.

"राणी, पारख कर वो!" आई ओरडली. "राजा असली हाय का नकली?"

काकीनं रोपांची पेंडी त्याच्या हातात दिली. "एक ओळ रोवून दाखवा."

रोवणी बायांचं काम, गड्यांना कुठली जमते! तो हसतहसत वाकला. त्याची रोपं त्याच्यामागे बदकांसारखी तरंगायला लागली. ओळ अर्धी झाली नाही तोच कंबर धरून उठला. "हे काई जमत नाई आपल्याले," म्हणत बांधावर चढला.

"हाच होय," काकी म्हणाली. "पहिलेबी असाच अर्ध्यातून उठून गेल्ता."

बाया खिदळल्या. बाबा तोंडावरचा चिखल पुसत घाईनं म्हणाले, "ओळखलं ना? मंग झालं! आज घरी ने त्याले."

"ओळखलं, भाऊजी. पर ओळखलं म्हनून घरात घ्याच लागते काय?"

काकी वाकली आणि त्यानं सोडलेली ओळ रोवायला लागली.

तो आमच्या ओसरीवर आणखी काही दिवस होता. मग आईनं त्याचं ताट मांडणं बंद केलं, बाबांना न विचारता.