काट्यावरचे दोन किलो

आधीच सांगतो, मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारा माणूस नाही. आमच्या गल्लीत कुणाच्या अंगात आलं की मी आतून कडी लावून क्रिकेट बघायचो. बायको म्हणायची, एक दिवस तुम्हालाच अनुभव येईल तेव्हा कळेल. आला. पण काय कळलं म्हणाल तर... काहीच नाही. म्हणून इथे लिहितोय. कुणाला उलगडा होत असेल तर सांगा.

मी जळगाव विमानतळावर एका छोट्या विमान कंपनीच्या काउंटरला होतो. कंपनीचं नाव घेत नाही. नऊ सीटचं, एका पंख्याचं विमान, जळगाव ते मुंबई. ज्यांनी असलं विमान पाहिलं नाही त्यांना सांगतो — यात बॅगेसारखं माणसाचंही वजन करतात. प्रत्येकाला काट्यावर उभं करायचं, आकडा कागदावर लिहायचा, बेरीज कॅप्टनला द्यायची. मर्यादेपेक्षा जास्त भरलं तर कुणीतरी खाली राहायचं. त्यातही मेख अशी की ऊन वाढलं की मर्यादा कमी होते. गरम हवेत विमान उचलत नाही. आणि आमच्याकडचा मे महिना तुम्हाला माहीतच आहे.

काट्यावर आमचे भिका नाना असायचे. मूळ भडगावकडचे, पण चाळीस वर्षं फैजपूरला केळीच्या मापावर काढलेली. म्हातारपणी मुलाकडे जळगावला आले आणि कंत्राटदाराने त्यांना आमच्याकडे लोडर म्हणून लावलं. हमाली त्यांना झेपत नव्हती, म्हणून मी काटा दिला. बाजारात पहिलं माप टाकताना 'एक' म्हणत नाहीत, 'लाभ' म्हणतात. नाना विमानतळावरही तेच करायचे. पहिला पॅसेंजर काट्यावर चढला की खणखणीत आवाजात — "लाभ!" सुटाबुटातला माणूस दचकायचा. आम्ही हसून घ्यायचो.

नाना गेले त्याच्या महिनाभर आधीची गोष्ट. सहज गंमत म्हणून मी काट्यावर चढलो. नाना म्हणाले, "सत्तर." मी वाकून पाहिलं तर बहात्तर.

"नाना, चष्मा बदला. बहात्तर आहे."

"माले दिखस भाऊ, बहात्तरच शे. दोन वजा कयात."

"वजा? का?"

"केळीना घडना दांडा वजा करनाच पडस! मानूसना कपडा, जोडा... तो दांडाच शे ना. मानूसनं वजन थोडंच शे ते!"

दीड वर्षं हा माणूस प्रत्येक पॅसेंजरमागे दोन किलो कमी सांगत होता, आणि मी न बघता लिहीत होतो. म्हणजे कॅप्टनला दिलेला प्रत्येक कागद खोटा. मी नानांना नको नको ते बोललो. "हे विमान आहे, केळीचा ट्रक नाही! एखाद दिवशी माणसं माराल!" ते टोपी काढून हातात धरून उभे राहिले. मी वर कळवलं मात्र नाही. कळवलं असतं तर नानांच्या आधी माझी नोकरी गेली असती, खरं ते सांगतो. त्या दिवसापासून आकडा मीच वाचायला लागलो. नाना नुसते बाजूला उभे राहायचे. महिन्याभराने झोपेतच गेले. त्यांची माफी मागायची राहून गेली.

आता माझ्या भावाबद्दल. संजू माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान, पाइपच्या कारखान्यात मशीनवर होता. दोन्ही किडन्या गेलेल्या. आठवड्यातून तीनदा डायलिसिस. मुंबईच्या हॉस्पिटलात मृत दात्याच्या किडनीसाठी नाव लावून चार वर्षं झाली होती. नाना गेल्यानंतरच्या मे महिन्यात एका पहाटे पावणेसहाला त्याला फोन आला — किडनी आहे, काही खाऊ-पिऊ नका, दुपारी तीनच्या आत या.

संजूने मला फोन केला. "दादा, गाडी करू का? धुळे-नाशिकवरून आठ-साडेआठ तास लागतील."

मी म्हणालो, "वेडा का तू? खड्ड्यांतून जीव काढत जाणार? आठ वीसचं विमान आहे, सीट शिल्लक आहे. साडेनऊला मुंबईत."

हे वाक्य मी बोललो. मीच.

विमान आठ वीसला आलं नाही. "अर्ध्या तासात येतंय" असं मुंबईचा माणूस सांगायचा, मी पॅसेंजरना सांगायचो. हा अर्धा तास आमच्या कंपनीत कधीच संपायचा नाही. नऊला मी संजूला म्हणालो, गाडी करायची का? त्याने घड्याळ पाहिलं. आता रस्त्याने निघून उपयोग नव्हता. विमान आलं पावणेबाराला. बाहेर पारा त्रेचाळीसच्या वर. मर्यादा खाली आलेली.

आठ पॅसेंजर होते. सगळ्यात पुढे संजू. तो काट्यावर चढला आणि माझ्या मागून, अगदी कानाजवळून आवाज आला —

"लाभ!"

मी वळून पाहिलं. मागे भिंत. पंखा फिरत होता.

संजू म्हणाला, "दादा, कोण बोललं?" म्हणजे त्यालाही ऐकू आलं होतं.

आकडा होता त्रेपन्न पॉइंट चार. संजू म्हणाला, "तुझा काटा चुकतोय. माझं एक्कावन्न चार आहे." डायलिसिसच्या पेशंटला स्वतःचं वजन तोंडपाठ असतं, त्यावरच त्याचं सगळं चालतं. मी म्हणालो, कपड्या-बुटांचं असेल. तो म्हणाला, "याच कपड्यांवर, बुटांसकट करून आलोय. सकाळपासून पाण्याचा थेंब नाही पोटात."

मी तपासणीचं वीस किलोचं लोखंडी वजन ठेवलं. बरोब्बर वीस. काटा ठीक होता. मी त्रेपन्न पॉइंट चार लिहिलं.

बेरीज मर्यादेच्या वर गेली. सगळ्यांच्या बॅगा उतरवल्या. तरी नऊ किलो जास्तच. कॅप्टन म्हणाला, एकाला उतरवा, ऊन वाढतंय. नियम असा की ज्याचं तिकीट शेवटी निघालं तो उतरतो. संजूचं तिकीट त्याच दिवशी सकाळी सहाला मी काढलं होतं.

मी हात जोडले. माझ्या भावाचं ऑपरेशन आहे, कुणीतरी उतरा हो. एकाची कोर्टात तारीख होती. एका बाईंची मुलगी परदेशी जाणार होती. बाकीच्यांनी मोबाइलमध्ये माना घातल्या. त्यांना तरी काय बोलणार? ज्याचं जळतं त्याला कळतं.

पेन माझ्या हातात होतं. माणशी दोन किलो कमी लिहिले असते तर आठ जणांचे सोळा किलो... संजू गेला असता. नानांनी दीड वर्षं तेच केलं होतं आणि विमान रोज सुखरूप पोचत होतं. पण मला माझाच आवाज ऐकू आला — माणसं माराल. मी कागदाला हात लावला नाही.

विमान गेलं. आम्ही दोघं काचेतून बघत होतो. दिसेनासं झाल्यावर संजू काट्याकडे गेला. तेच कपडे, तेच बूट. वर चढला.

एक्कावन्न पॉइंट चार.

मी त्याला उतरवून परत चढवलं. तीनदा. एक्कावन्न पॉइंट चार. मी स्वतः चढलो, बहात्तर. नेहमीचं. आठही जणांचे असेच दोन-दोन किलो जास्त आले असतील तर सोळा किलो, आणि आम्हाला कमी करायचे होते फक्त नऊ.

त्या दिवशी विमान मुंबईला नेहमीपेक्षा सहा मिनिटं कमी वेळात पोचलं. वर्षभरात पहिल्यांदा. किडनी यादीतल्या पुढच्या माणसाला गेली.

नंतर वजनमापवाले येऊन काटा तपासून गेले. दोष शून्य. कंपनीने हिवाळ्याआधीच 'तांत्रिक कारणास्तव' सेवा बंद केली. काटा त्याच कोपऱ्यात आहे, वर प्लॅस्टिक टाकलेलं.

नाना तेव्हा तिथे होते का? असले तर 'दोन वजा कर' असं सुचवून माझ्या भावाला वाचवायला आले होते, की मी केलेला अपमान फेडायला? की त्यांनी वजा केलेले किलो ते बिचारे परत करत होते, आणि ते नेमके त्याच दिवशी आले? मी बायकोला विचारलं, मौलवींना विचारलं, भगताला विचारलं. प्रत्येकाचं उत्तर वेगळं, आणि एकही गळी उतरत नाही.

संजू जानेवारीत गेला. शेवटचे दोन महिने तो माझ्याकडेच होता. डायलिसिसच्या आधी मीच त्याचं वजन करायचो. तो चढायचा, मी आकडा मोठ्याने वाचायचो, तो मान हलवायचा. विमानाच्या त्या वजनाच्या कागदाबद्दल त्याने मला एकदाही विचारलं नाही.

विचारलं असतं तर बरं झालं असतं.