मधल्या जागेसाठी पोरगा

दर जानेवारीत नवीन पोरं निवडायची वेळ आली की आमच्या कॉलेजच्या व्यायामशाळेमागच्या खोलीत तेच भांडण नव्याने सुरू व्हायचं. हेड कोच मॅकॉर्ड म्हणायचे, "आधी क्वार्टरबॅक. चेंडू फेकणाराच नसेल तर बाकीचे दहा जण काय चर्चमधली गाणी म्हणणार?"

त्यांचा मदतनीस कोच वेंडेल ग्रिग्झबी कोपऱ्यातून म्हणायचा, "चेंडू हातात आला तर फेकेल ना. आधी सेंटर."

पूर्व टेक्सासात फुटबॉल पायापेक्षा खांद्याने जास्त खेळतात. सेंटर रांगेच्या मधोमध वाकून उभा राहतो आणि दोन पायांमधून चेंडू मागे क्वार्टरबॅककडे देतो. त्या क्षणी त्याचे हात गुंतलेले असतात, मान खाली असते, आणि समोर वीतभर अंतरावर अडीचशे पौंडांचा एक माणूस त्याचं थोबाड फोडायला टपलेला असतो. "पहिला मार त्याला," ग्रिग्झबी म्हणायचा, "आणि मार खाताना चेंडू मात्र हलता कामा नये. असा पोरगा शंभरात एक मिळतो."

तो स्वतः त्याच जागेवर खेळलेला. नाक चार वेळा मोडलेलं, उजवा कान बहिरा, डाव्या हाताची दोन बोटं कधी सरळ होत नसत. त्याची बायको इमोजीन लोकांना सांगायची, "लग्नात याचं नाक सरळ होतं. पुरावा म्हणून फोटो ठेवलाय."

मी संघाचा पट्ट्या बांधणारा. घोटे बांधायचे, बर्फ लावायचा, निखळलेली बोटं बसवायची. ग्रिग्झबी पोरं बघायला निघाला की गाडी मीच चालवायचो, कारण त्याला मागून वाजलेला भोंगा धड ऐकू यायचा नाही.

त्याची पोरगा पारखायची एक रीत होती. घरी जायचं, आईबापांशी गप्पा मारायच्या, समोर येईल ते खायचं, आणि बोलता बोलता हात असा सपकन पोराच्या तोंडावर न्यायचा की आता लागलाच. नाकापासून दोन बोटांवर थांबवायचा. बहुतेक पोरं डोळे मिटायची, मागे सरकायची. ग्रिग्झबी हसून त्यांची पाठ थोपटायचा आणि आम्ही निघायचो. ज्याची पापणी हलली नाही, त्याच्यासमोर कॉलेजच्या शिष्यवृत्तीचा कागद ठेवायचा.

चौऱ्याहत्तरच्या फेब्रुवारीत आम्ही स्टोव्हॉलांच्या घरी गेलो. बाप एझ्रा लाकडाच्या गिरणीत करवतीवर होता. पोरगा लोनी अठरा वर्षांचा, मान आणि डोकं एकाच जाडीचं. तळलेला मासा खाऊन आम्ही अंगणात आलो. ग्रिग्झबीचा हात गेला. लोनी बघतच राहिला.

एझ्रा हसला. "कोच, हवेत हात फिरवून काय कळणार?"

त्याने ओंडक्यांच्या ढिगातून मनगटाएवढी जाड फळी उचलली आणि लोनीच्या मानेवर मारली. एकदा, मग दुसऱ्यांदा. तिसऱ्यांदा कानावर बसली आणि कानाच्या पाळीतून रक्त गळ्यावर आलं. लोनी समोरच्या कुंपणाकडे बघत उभा होता.

"लहानपणापासून घरचा नियम आहे," एझ्रा म्हणाला. "डोळे मिटले की आणखी दोन."

मी ग्रिग्झबीकडे बघितलं. त्याने खिशातून कागद काढला, गाडीच्या टपावर पसरला आणि म्हणाला, "सही इथे करा."

चाळीस मैल मागे पडले. मग एका पुलाजवळ तो म्हणाला, "थांबव." उतरून कठड्याला धरून ओकला. परत आला, तोंड पुसलं. "त्यांचा मासा शिळा होता," म्हणाला. मी तोच मासा खाल्ला होता. मला काही झालं नव्हतं.

ऑगस्टमध्ये लोनी आला. पहिल्याच सरावात बर्ल हॅकेट नावाच्या थोराड पोराने कोपर त्याच्या शिरस्त्राणाखाली घातलं. लोनीचे दोन दात गवतावर पडले. त्याने रक्त थुंकलं, वाकला, पुढचा चेंडू दिला. तिसऱ्या दिवशी लोनीने त्याच बर्लचं गळ्याजवळचं खांद्याचं हाड मोडलं. वाळकी फांदी मोडावी तसा आवाज मला मैदानाबाहेर ऐकू आला. लोनी त्याच्यावर उभा होता, चेहऱ्यावर राग नाही, आनंद नाही. मॅकॉर्ड ग्रिग्झबीला म्हणाले, "घे, तू जिंकलास. हाच आपला संघ." सलग सात सामने आम्ही जिंकलो. प्रत्येक सामन्यानंतर मी लोनीच्या हातांवरचं रक्त धुवायचो आणि त्यातलं त्याचं किती, दुसऱ्याचं किती, ते आम्हा दोघांनाही सांगता यायचं नाही.

ऑक्टोबरात त्याच्या बरगड्या बांधताना पहिल्यांदा पाठ उघडी पाहिली. खांद्यापासून कमरेपर्यंत चामड्याच्या पट्ट्याचे वण, जुन्यावर नवे. अशी पाठ मी आधीही पाहिली होती. कुणाकुणाची, ते त्या क्षणी माझ्या लक्षात आलं, आणि पट्टीचं भेंडोळं हातातच राहिलं.

मी ग्रिग्झबीला गाठलं. "अकरा वर्षांत तू सहा सेंटर आणलेस. सगळ्यांना मी बांधलंय. चौघांच्या पाठी अशाच आहेत."

"अशाच म्हणजे?"

"तुला माहीत आहे कशा. तू खेळाडू शोधत नाहीस, वेंडेल. घरी मार खाल्लेली पोरं शोधतोस."

त्याने मैदानावर चुन्याच्या रेषा आखायचं यंत्र बाजूला ढकललं. "माझा बाप न्हावी होता," म्हणाला. "मला मारायला वस्तरा घासायचा पट्टा वापरायचा. कोचने मला घेतलं तेव्हा मला वाटलं, माझ्यात काहीतरी गुण आहे." मग म्हणाला, "पहिली दोन पोरं आणली तेव्हा खरंच कळलं नव्हतं. पुढच्यांचं कळत होतं."

"मग?"

"मग काय. आपण जिंकत होतो."

नोव्हेंबरात आमच्या मैदानावर वर्षाचा मोठा सामना होता. लोनीचा बाप पहिल्यांदाच बघायला आला होता. मध्यंतराच्या थोडं आधी समोरच्या गड्याने शिरस्त्राणाच्या जाळीतून लोनीच्या डोळ्यांत बोटं घातली. लोनीने डोळे मिटले, चेंडू क्वार्टरबॅकच्या डोक्यावरून गेला आणि त्यांनी तो उचलून गुण केले. त्या दिवशी तेवढी एकच चूक.

मध्यंतराला पोरं प्रेक्षकांच्या बाकांखालच्या बोळातून आत जात होती. एझ्रा जिना उतरून बोळात आला आणि लोनीला भिंतीशी अडवलं. "सगळ्या गावादेखत डोळे मिटलेस?" त्याने कमरेचा पट्टा काढला होता. बकल लोनीच्या गालावर बसलं. लोनीने शिरस्त्राण काखेत धरलं आणि सरळ उभा राहिला, चर्चमध्ये उभं राहावं तसा.

"एक," एझ्रा म्हणाला.

दुसरा फटका बसला नाही. ग्रिग्झबीने त्याचं मनगट धरलं, पिरगळलं, आणि उजव्या हाताने त्याच्या तोंडावर ठोसा मारला. एझ्राचा ओठ फाटला. त्याने गुडघा ग्रिग्झबीच्या पोटात घातला. दोघे सिमेंटवर पडले. ग्रिग्झबी वर आला, त्याने एझ्राचे केस धरले आणि डोकं जमिनीवर आपटलं, पुन्हा आपटलं. पन्नास वर्षांचा माणूस, घशातून कसलातरी आवाज काढत. मी मागून त्याचा सदरा ओढला, तो फाटून माझ्या हातात आला. ग्रिग्झबीच्या पाठीवरही तेच वण होते.

मला वाटलं, हा आता त्याला मारून टाकणार. तेवढ्यात लोनी हलला. त्याने शिरस्त्राण जाळीला धरून उचललं आणि पूर्ण ताकदीने ग्रिग्झबीच्या चेहऱ्यावर हाणलं.

गालाचं हाड आत गेलं. डावा डोळा तिथेच गेला, हे मला डॉक्टरांच्या आधी कळलं. ग्रिग्झबी भिंतीला टेकून बसला, बोटांमधून रक्त गळत होतं.

"बाप आहे तो माझा," लोनी म्हणाला. त्याचा आवाज मी कधी इतका बारीक ऐकला नव्हता.

"हो," ग्रिग्झबी म्हणाला. "आहे खरा."

मध्यंतरानंतर लोनी खेळला नाही. माझ्या खोलीत टेबलावर बसून राहिला. आम्ही एकतीस गुणांनी हरलो. पोलिसांना ग्रिग्झबीने सांगितलं, जिन्यावरून पडलो. एझ्रानेही तेच सांगितलं. दोघे एकाच जिन्यावरून पडले हे हवालदाराने जसंच्या तसं लिहून घेतलं, कारण त्यालाही पुढच्या शनिवारची तिकिटं हवी होती.

चौथ्या दिवशी लोनी इस्पितळात आला. मी तिथेच होतो. दारात टोपी हातात धरून उभा राहिला.

"बस," ग्रिग्झबी म्हणाला. "या बाजूला, त्या बाजूचं दिसत नाही."

"सर, मी..."

"तू गप्प बस, मी बोलतो. त्या दिवशी अंगणात मी काय केलं माहीत आहे? कागद पुढे केला. तुझ्या कानातून रक्त येत होतं आणि मी मनात म्हणत होतो, सापडला."

लोनीने टोपी मांडीवर ठेवली. "कागद नसता तर मी अजून तिथेच असतो, सर."

इमोजीन खाटेच्या पलीकडे बसली होती. तिने पिशवीतून मक्याचं कॉर्नब्रेड काढलं आणि लोनीला विचारलं, नाताळला कुठे जाणार आहेस. त्याने खांदे उडवले. "मग आमच्याकडे ये," ती म्हणाली. "आणि येताना ते शिरस्त्राण आणू नकोस." ग्रिग्झबी हसायला गेला आणि टाके दुखून कळवळला.

लोनी पुढची तीन वर्षं सुट्टीत त्यांच्याकडेच राहिला. खेळलाही, चांगला खेळला, पण खाली पडलेल्यावर पुन्हा धावून जाणं त्याने सोडलं. मॅकॉर्डना ते खुपायचं.

ग्रिग्झबी जानेवारीत अजूनही म्हणायचा, आधी सेंटर. पण निवडताना आता तो पोराच्या शाळेत दोन दिवस बसायचा, सराव बघायचा, मास्तरांना विचारायचा. लोनी गेल्यावर त्याने पोस्टमास्तरांचा टोबायस आणला. गुबगुबीत, हुशार, जोरात लागलं की सरळ रडायचा. त्या वर्षी आम्ही सात सामने हरलो. मॅकॉर्डनी ग्रिग्झबीला बोलावून घेतलं आणि तो पाच मिनिटांत नोकरी गमावून बाहेर आला. नंतर गावातल्या शाळेत सुतारकाम शिकवायचा.

एकोणऐंशीच्या उन्हाळ्यात गिरणीत ओंडका घसरला आणि एझ्रा स्टोव्हॉल त्याखाली चिरडला. लोनी तेव्हा रस्तेखात्यात लागला होता. त्याने ग्रिग्झबीला फोन केला. शवपेटी उचलायला सहा माणसं लागतात, गिरणीतून चारच यायला तयार झाली, पाचवा लोनी स्वतः, सहावा मिळत नव्हता.

मी ग्रिग्झबीला घेऊन गेलो. वाटेत मी म्हणालो, "तू कशाला? एझ्राने तुला काय दिलं?"

"पोराने बोलावलंय," तो म्हणाला.

उन्हाने चर्चचं अंगण तापलं होतं. ग्रिग्झबीने कोट काढून माझ्या हातात दिला आणि शवपेटीच्या डाव्या मागच्या कोपऱ्याला हात घातला. त्या बाजूला त्याला दिसत नव्हतं, म्हणून लोनी त्याच्या पुढे राहिला आणि खड्डा आला, पायरी आली की हळू आवाजात सांगत गेला.