सीडीच्या डब्याची खंडेनवमी

"उस्ताद, भाऊबीज आठ दिवसांवर आली. अक्का आली अन् हे बंद दिसलं, तर सरळ उचलून हदगावला नेईल. मग मी काय करू?"

बसवराज अप्पा माझ्या टेबलावर वाकून बोलत होते. उदगीरला हार्डवेअरचं दुकान, वय पन्नाशीचं, आणि रडायचं व्हिडिओ गेमसाठी! मी लातूरला सीडी-डीव्हीडी प्लेअर दुरुस्त करतो.

टेबलावर जुना कन्सोल होता आणि त्याच्याखाली बसणारा सीडीचा डबा. नव्वदीच्या सुरुवातीचा प्रकार. तेव्हा गेम कार्ट्रिजमध्ये, म्हणजे कन्सोलात खोचायच्या प्लास्टिकच्या डबीत यायचे आणि कार्ट्रिजमध्ये जागा थोडी. सीडीत तिच्या शेकडो पट. म्हणून जुन्या कन्सोलला जोडायचे असे डबे निघाले. गेममध्ये खरी गाणी वाजू लागली, सिनेमासारखी माणसं दिसू लागली. पण डबा महाग, अडॅप्टर वेगळा, चांगले गेम मोजकेच. पुढे सीडी आतच असलेले कन्सोल आले आणि डब्याला कुणी विचारेना. हा डबा अक्कांना दुबईच्या मामांनी दिलेला. लग्नानंतर तो माहेरी राहिला, भावाच्या ताब्यात.

मी सीडी टाकली. जराशी फिरली, थांबली.

"लेझर गेला," मी ऐटीत सांगितलं. लेझर म्हणजे सीडी वाचणारा डोळा. "नवीन मिळत नाही."

अप्पांचं तोंड एवढंसं झालं. मलाच लाज वाटली. उघडून न बघताच निकाल दिला होता. स्क्रू काढले. डोळ्याच्या भिंगावर लाल थर.

"अप्पा, कुंकू आहे हे!"

"हाव. खंडेनवमीला पूजा केली नव्हं का. तराजूला लावलं, ड्रिलला लावलं. ह्याला कसं सोडायचं?"

"बाहेरून लावायचं ना, भल्या माणसा!"

"बाहेर नुसतं प्लास्टिक हाय, उस्ताद. खरं काम तर आतलाच करून राहिला."

कपाळ माझं! स्पिरिटच्या कापसानं भिंग पुसलं. गेम सुरू झाला. अप्पांनी टाळी वाजवली आणि दोन मिनिटांत चित्र जागच्या जागी थांबलं. हा डोळा एका दातेरी चाकावर आत-बाहेर सरकतो. तो अडत होता. टॉर्च मारला तर दात्यांत अक्षतेचा एक तांदूळ. चिमट्यानं काढला. मग तासभर गेम अडला नाही. अप्पाच खेळत होते, उठायचं नाव घेईनात.

निघताना म्हणाले, "अक्काला बोलू नका बरं. धूळ होती म्हणा."

"त्या मला कशाला विचारतील?"

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी अक्का माझ्या दुकानात हजर. हदगावला परतताना मुद्दाम लातूरची वाट वाकडी करून आल्या होत्या.

"मशीन बसूकडंच ठेवलं. चांगलं चालतंय. काय झालतं त्याला?"

"धूळ," मी तोंड सरळ ठेवून म्हणालो.

अक्कांनी सुटकेचा श्वास सोडला. एकदा दाराकडं बघितलं आणि पिशवीतून स्वतःचा डीव्हीडी प्लेअर काढला.

"मग ह्याची बी धूळ काढा, उस्ताद. दसऱ्यापासून बंद हाय. अन् आमच्या बसूला कळू देऊ नका, लई हसंल मला."

झाकण उघडलं. आत कुंकू, तांदूळ आणि झेंडूची अख्खी पाकळी.

दसऱ्यानंतर आलेल्या यंत्राचा रोग मी आता उघडल्याशिवाय सांगत नाही, आणि उघडल्यावरही घरच्यांना सांगत नाही.