पाण्याचं कलम

पातूरच्या भिक्षुकाच्या घरात उद्धव जन्मला, पण पोथीशी त्याचं जमलं नाही. मंत्र पाठ होत नसत आणि दक्षिणेसाठी हात पुढे करायची लाज वाटे. विशीच्या आत तो अकोल्याला आला, एका दालमिलमध्ये फिटरच्या हाताखाली लागला आणि पुढं स्वतः फिटर झाला. पट्टा तुटला, बेअरिंग जाम झालं, चाळणी हलेना, की हाक यायची, "महाराजले बोलवा!" हात कोपरापर्यंत ग्रीसनं काळे, तरी मिलमध्ये तो महाराजच राहिला. ते नुसतं चिकटलेलं नाव आहे, त्यात दुसरं काही नाही, असं तो म्हणे.

त्याचा एक हिशेब पक्का होता, मेहनतीचा. कोणतं काम अंगातून किती काढून घेतं हे तो चोख सांगे. वाकून केलेलं काम उभ्यानं केलेल्या कामाच्या दुप्पट धरायचं, हा त्याचा नियम. बाकीचे पगारावरून भांडत. हा भांडे ते जोर कोणी किती लावला यावरून.

त्याच मिलमध्ये देवराव हमाल होता. चांदूर बाजारकडचा माणूस, सारी उमर तुरीच्या पोत्याखाली गेलेली. गुडघे त्यातच गेले. दोघांच्याही बायका वारल्या होत्या. उद्धवचा मुलगा केयूर नागपुरात, देवरावची मुलगी पायल अमरावतीला शाळेत शिक्षिका. काम सुटल्यावर दोघांनी मिळून सुभद्राबाईंच्या माडीवरच्या दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. एका भिंतीला उद्धवचा देव्हारा आणि समोरच्या भिंतीला देवरावची बुद्धाची तसबीर. "दोघंही एकमेकाकडं पाहून राह्यले," देवराव आल्या-गेल्याला सांगे, "अजून भांडण नाई. भांडतो ते आमीच."

भांडण मात्र भरपूर होतं. देवराव करपलेली कढई रात्रभर भिजत घाली. उद्धवच्या मते ती आळशाची रीत. उद्धव पहाटे झाडू मारी, देवरावची झोप मोडे. एकदा पायल आली तेव्हा दोघं कढईवरून चार दिवसांचा अबोला धरून बसलेले.

"पोरांवाणी काय करून राह्यले तुम्ही?" ती म्हणाली. "बाबा, काका, कोणाचं काम कोणतं ते कागदावर लिहा. होस्टेलात आम्ही तसंच केलं होतं. रविवारी येते, साक्षीदार म्हणून सही करते."

लिहायचं काम उद्धवकडं आलं, कारण अक्षर त्याचं चांगलं. त्यानं ते मन लावून केलं. स्वयंपाक, भांडी, झाडू, संडास, मोरी, प्रत्येक काम त्यानं मनात उचलून पाहिलं, किती जड आहे ते. एक आठवडा एकाचा, दुसरा दुसऱ्याचा. कोणावर रतीभर जास्त पडू नये. नवं यंत्र लेव्हलला बसलं की जसं वाटायचं तसं त्याला वाटलं.

रविवारी पायलनं कागद मोठ्यानं वाचायला घेतला. देवराव तिनं आणलेली संत्री सोलत मान डोलवत होता. वाचता वाचता ती पाण्याच्या कलमाशी आली.

"'नळाचं पाणी भरणे व पिण्याचा माठ भरणे हे काम कायम उद्धव यांच्याकडे राहील.'"

"थांब," देवराव म्हणाला. "महाराज, बाकी सारं पाळीनं. हेच कावून कायम तुमच्याकडं?"

"तुमचा गुडघा आहे ना देवराव. भरली बादली घेऊन जिना चढायचा म्हणजे..."

"अन् संडास धुताना गुडघा नाई दुखत?" देवराव हसत होता. "तिथं तर उकिडवं बसाव लागते. वाकून केलेलं काम दुप्पट, तुमीच सांगता. मंग दुप्पट काम पाळीनं, अन् पाणी तेवढं माफ? हा कोणता हिशेब म्हणाव?"

उद्धव खाली पडलेली संत्र्याची सालं गोळा करायला लागला.

देवरावचं हसू अर्ध्यावर थांबलं. तो उद्धवच्या तोंडाकडं पाहत राहिला. फोड त्याच्या हातातच राहिली.

"मागं मी माठ भरला होता," तो हळू म्हणाला. "तुमी बाजारातून आले अन् तो ओतला. गाळ आहे म्हणाले. मले काही गाळ दिसला नव्हता. मी म्हटलं, आपले डोळे म्हातारे झाले."

उद्धवच्या कानापर्यंत रक्त चढलं.

नळ चार-पाच दिवसांआड येणाऱ्या गावात भरला माठ कोणी ओतत नाही. त्यानं ओतला होता. माठ घासला होता, आणि खाली जाऊन सुभद्राबाईंकडून कळशीभर पाणी मागून आणलं होतं. एवढी फुकट मेहनत त्यानं जन्मात केली नव्हती, आणि कशासाठी केली हे स्वतःला विचारलंही नव्हतं. देवरावच्या हातची भाकरी तो खाई, देवरावनं केलेला चहा पिई. त्यामुळे आपल्यात तसलं काही नाही असं त्यानं धरून ठेवलं होतं. पातूरला आई सोवळ्यानं पाणी भरायची, घागरीला कोणाला हात लावू द्यायची नाही. ते सगळं आपण पोथीबरोबर तिथंच टाकून आलो, असा त्याचा समज होता.

त्यानं घाईनं पेन उचललं. "खोडतो. पाणीही पाळीनं करू."

देवरावनं कागदावर पंजा ठेवला. "असं नाई. आधी कारण लिवा. खरं. मंग खोडू."

"बाबा, जाऊ द्या ना," पायल म्हणाली.

"कावून जाऊ देऊ? याच्यासंगं एका छताखाली राहाचं आहे मले, तुले नाई." तो उठला आणि खुंटीवरचा सदरा काढू लागला. "मी पोरीसंगं अमरावतीले जातो. येत्या रविवारी येतो. महाराज, कारण लिवलेलं असलं तर राहीन. नसलं तर पेटी उचलीन."

पायल जाताना नेहमी "येते काका, जयभीम" म्हणे. त्या दिवशी तिनं नुसत्या चपला घातल्या.

उद्धव एकटाच राहिला. दोन माणसांची कामं एकट्याला काहीच वाटली नाहीत. जड गेलं ते लिहिणं. आधी त्यानं लिहिलं, 'वयामुळे'. फाडलं. मग लिहिलं, 'लहानपणच्या सवयीमुळे'. ते खोटं नव्हतं, पण त्यात दोष आईकडं ढकललेला होता. आई मरून जमाना झाला. माठ तिनं ओतला नव्हता. तोही कागद त्यानं फाडला. आठवडाभर तो पेन घेऊन बसे आणि उठून काहीतरी घासायला लागे. खोल्या कधी नव्हत्या इतक्या लख्ख झाल्या. देवराव परत आलाच नाही तर बरं, असं एकदा मनात आलं आणि त्याला स्वतःचीच शिसारी आली.

शनिवारी त्यानं मूळ कागद काढला आणि पाण्याच्या कलमाखाली लिहिलं:

'देवराव यांचा हात पिण्याच्या पाण्याला लागू नये असं माझ्या मनात होतं. कारण देवराव यांची जात. गुडघ्याचं सांगितलं ते खोटं. माठ ओतला तेव्हा त्यात गाळ नव्हता.'

रविवारी बापलेक आले. देवराव दारातच उभा राहून वाचू लागला, ओठ हलवत. वाचून झाल्यावर पुन्हा पहिल्यापासून वाचलं. उद्धव फरशीकडं बघत होता.

"आता खोडा," देवराव म्हणाला.

उद्धवनं कलमावर रेघ मारली, कारणावर रेघ मारली, आणि वर लिहिलं, 'पाणी पाळीनं'. मग म्हणाला, "नव्या कागदावर उतरवतो. स्वच्छ."

"नाई. हाच ठेवाचा. खोडलेलं वाचता आलं पाह्यजे."

देवरावनं सही केली. उद्धवनं केली. पायलनं कागद ओढून घेतला. रेघेखालचं तिनं बोट ठेवून वाचलं, मनातल्या मनात. तिनं काही बोलावं, शिवी दिली तरी चालेल, असं उद्धवला वाटलं. तिनं सही केली आणि पेनाला टोपण लावलं.

तेवढ्यात खालून सुभद्राबाई ओरडल्या, "नळ आले वो!"

उद्धव सवयीनं उठला. अर्धा उठून पुन्हा बसला. देवरावनं बादली घेतली आणि कठडा धरत उतरला. वर येताना पायरीपायरीला थांबत होता, ते ऐकू येत होतं. बसून ऐकणं उद्धवला कोणत्याही ओझ्याहून जड गेलं. देवराव आला, त्यानं फडकं बांधून पाणी माठात ओतलं, आणि कमरेवर हात देऊन उभा राहिला.

"बसले काय महाराज? दुसरी बादली काय मंत्रानं वर चढते?"

उद्धव उठला. जिन्याच्या तोंडाशी पायल उभी होती. त्याला वाट द्यायला ती बाजूला झाली, लागत होतं त्यापेक्षा थोडी जास्तच, पदर आवरून. उद्धवला ते दिसलं. मान खाली घालून तो जिना उतरला आणि नळाखाली बादली लावली.