कोपऱ्यावरच्या घराचा नंबर

शेजारच्या सलमाभाभी गेल्या त्या सकाळी मी गच्चीवर कपडे वाळत घालत होते. त्यांची मुलगी सना जिना चढून वर आली आणि म्हणाली, "आंटी, मम्मी उठत नाही." एरवी मराठी सगळं कळत असूनही इंग्रजीतच उत्तर देणारी ही पोर त्या दिवशी मराठीत बोलली, तेव्हा मी कपडे तिथेच टाकून खाली धावले. डॉक्टर म्हणाले, हृदय झोपेतच थांबलं. त्यांचे यजमान इक्बालभाई मेसईदच्या कारखान्यातून येईपर्यंत मी भाभींच्या उशाशी बसून होते. त्याच दिवशी त्यांना इथे दोह्यातच माती दिली. चिपळूणला त्यांचं स्वतःचं घर होतं, त्यात त्या एक रात्रही झोपल्या नाहीत... मला राहून राहून तेच सलतं.

ओल्ड एअरपोर्ट भागातल्या या व्हिलाचे मालकानं तुकडे करून भाड्यानं दिले आहेत. त्यांच्या आणि माझ्या स्वयंपाकघरात एक पातळ भिंत. त्यांनी सुकट भाजली की मी इकडून कपाट ठोकायचे, आणि त्या तिकडून ओरडायच्या, "कराडच्या बायला सुकटीची काय अक्कल गो?" मी कराडची, त्या रत्नागिरीकडच्या. दोघींचं माहेर घाटानं तोडलेलं, पण इथे वाळवंटात आम्ही भाऊबंद झालो. चिपळूणचं घर घेतलं तेव्हाही मी बरोबर होते. नव्वदच्या दशकाचा शेवट होता. इथल्याच एका हॉटेलच्या हॉलमध्ये तिकडच्या बिल्डरनं कॉलनीचं पुठ्ठ्याचं मॉडेल मांडलं होतं. इवलीशी घरं, स्पंजची झाडं, काचेचा तुकडा चिकटवून केलेला ओढा. भाभी बराच वेळ वाकून बघत राहिल्या. मग कोपऱ्यावरच्या घरावर बोट ठेवून म्हणाल्या, "ह्यात कोन तरी हाय." आम्ही सगळे हसलो. इक्बालभाईंनी तेच घर घेतलं.

ताबा मिळाल्यावर एकदाच गावी जाणं झालं, तेही सासू वारली म्हणून. सुतकाच्या घरातून उठून नवं घर उघडायला कोण जाणार? पुढे मुलीची शाळा, इक्बालभाईंच्या रजेची रड, "पुढच्या वर्षी, इन्शाल्ला" असं करत करत वर्षं गेली. घराची किल्ली दीर मुश्ताककडे. भाभींनी त्याच्यामागे लकडा लावून घरात टेलिफोन घ्यायला लावला. मग त्यांचा नेम सुरू झाला. दर जुम्म्याला, नमाज आणि जेवणं आटोपली की भाभी त्या रिकाम्या घराचा नंबर फिरवायच्या. चार-पाच वेळा वाजू द्यायच्या आणि ठेवून द्यायच्या. मी विचारलं, रिकाम्या घरात फोन कशाला? तर म्हणाल्या, "घराला वाटाया नको, आपल्याला कोन नाय म्हणून." गल्फमध्ये राहून गावी कुलूपबंद घरं बाळगणाऱ्या माणसांनाच हे कळेल. मला तेव्हा ते गोडच वाटलं होतं.

आणि एका जुम्म्याला पलीकडून फोन उचलला गेला.

भाभींनी मला हाक मारली आणि रिसीव्हर माझ्या कानाला लावला. कोणी बोलत नव्हतं. पण भांडं ठेवल्याचा आवाज आला. मग फरशीवरून चपला घासत कोणीतरी चाललं. मी म्हटलं, चोर असेल, मुश्ताकला कळवा. भाभी मात्र शांत होत्या. "चोर काय जेवाण करीत बसंल?" त्या म्हणाल्या. इक्बालभाईंनी लाईन क्रॉस झाली म्हणून निकाल लावला. त्यानंतर भाभी दर जुम्म्याला त्या न बोलणाऱ्या माणसाशी बोलू लागल्या. पाऊस पडला काय, परसातली फणसाची रोपं जगली काय, सनाला ताप आहे, इक्बालनं पुन्हा रजा पुढे ढकलली. सना कंटाळून म्हणायची, "मम्मी इज टॉकिंग टू द हाऊस अगेन." भिंतीपलीकडून मी ऐकायचे. बोलता बोलता त्या मध्ये थांबायच्या आणि "हो ना" म्हणायच्या...

त्या गेल्यावर इक्बालभाई म्हणाले, "घर विकून टाकतो. आता कोणासाठी ठेवू?" मी सुट्टीत कराडला निघालेच होते. मुश्ताकबरोबर एकदा आतून बघून या, काय डागडुजी हवी ते सांगा, असं त्यांनी मला सांगितलं. मी कुंभार्ली घाट उतरून चिपळूणला गेले. भर दुपारची वेळ. कॉलनीतली सगळी घरं रंगवलेली, फाटकांवर पितळी पाट्या, आणि सगळ्यांना कुलपं. मालक कुवेतला, दम्मामला, दोह्याला. कुत्रंसुद्धा नाही. पुठ्ठ्याच्या मॉडेलमध्येच शिरल्यासारखं वाटलं. मुश्ताकनं कोपऱ्यावरचं घर उघडलं. आत धुळीचा थर, त्यावर पावलाचा एकही ठसा नव्हता. मी फोन शोधला. नव्हता. विचारलं, तर मुश्ताक मान खाली घालून म्हणाला, "अर्ज केला व्हता, लाईन आलीच नाय. वैनी सारख्या मागं लागायच्या, मग तोंडाला आला तो नंबर सांगून टाकला."

बाजारात येऊन मी एसटीडी बूथ गाठला. नंबर मला पाठ होता, भाभी आकडे मोठ्यानं म्हणत फिरवायच्या ते भिंतीपलीकडून इतक्या वेळा ऐकलेलं. दोनदा घंटी वाजली आणि कोणीतरी उचलला. तीच शांतता, मागे तेच भांडं. कोण म्हणून विचारायचं मी ठरवून आले होते, पण एवढंच म्हटलं, "सलमाभाभी गेल्या हो." मग पलीकडे कोणीतरी रडू लागलं. बाई की पुरुष ते कळलं नाही, तोंडात पदर कोंबून रडावं तसं... घरातलंच माणूस गेल्यावर रडतात तसं. मी रिसीव्हर हातात धरून उभी राहिले, आणि मलाही इतक्या दिवसांत पहिल्यांदा मोकळं रडू आलं.

ते कोण असेल, याचा मी विचार करत नाही. कोणी एकटं माणूस असेल, चुकीच्या नंबरावर दर आठवड्याला येणाऱ्या आवाजाची वाट बघणारं. दिवसाच्या उजेडात मला हे पटतंसुद्धा. पण मग वाटतं, इतक्या वर्षांत त्यानं एकदाही "राँग नंबर" का म्हटलं नाही?

दोह्याला परतले तेव्हा इक्बालभाई दारातच होते. गिऱ्हाईक मिळालंय, म्हणाले, तुम्ही घराचं काय ते सांगितलंत की हो कळवतो. फोनचं मी त्यांना काही सांगितलं नाही. धुळीचंही नाही. "विकू नका," मी म्हटलं, "घरात माणूस आहे."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. कोण, ते विचारलं नाही. आत गेले आणि गिऱ्हाइकाला नाही म्हणून कळवलं.